गोळीआधी बीज गोठवा

विदर्भातल्या बहुतेक पशुवैद्यकीय दवाखान्यांत द्रवरूप नायट्रोजनचा कंटेनर असतो. उणे १९६ अंशांवर त्यात वळूच्या रेतमात्रा ठेवलेल्या असतात, पाव मिलिलिटरच्या बारीक कांड्यांत. गाय माजावर आली की चिमट्याने एक कांडी काढायची, ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसून रेतनाच्या गनमध्ये भरायची आणि गाय भरवायची. गवळाऊ असो की जर्सी, वळू मरून कैक वर्षे झाली तरी त्याचे बीज कामाला येते. खेड्यापाड्यात हे इतके मुरले आहे की कोणाला त्याचे नवल वाटत नाही. त्याच तालुक्यातल्या सिकलसेलच्या, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याच्या आनुवंशिक आजाराच्या, विशीतल्या पोराला मात्र गोळ्यांची पाकिटे हातात देताना 'तुझेही बीज गोठवून ठेवता येते' असे कोणी सांगत नाही.

सिकलसेलच्या मुलग्याला वयात आल्यावर हायड्रॉक्सियुरिया ही गोळी सुरू करण्याआधी, आणि मुलगा असो की मुलगी, कोणत्याही वयात अस्थिमज्जा प्रत्यारोपण करण्याआधी, त्याचे किंवा तिचे बीज जपण्याची सोय सरकारी खर्चाने झाली पाहिजे. ती चैन नव्हे, उपचाराचाच भाग धरली पाहिजे. यावर एक उत्तर हल्ली शिकल्या-सवरल्या माणसांकडून मिळते: मूलपेशींपासून (स्टेम सेल्सपासून) प्रयोगशाळेत शुक्राणू आणि अंडपेशी तयार होणारच आहेत, तेव्हा बघू. हे उत्तर का चालणार नाही, ते बीजपेशी शरीरात कशा घडतात हे पाहिल्यावर कळते. म्हणून आधी तेच पाहू, पण त्याआधी गोळीचे.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. विदर्भाला हा आजार नवा नाही. गोंड, माडिया, परधान यांच्यात आणि शेजारच्या कितीतरी बिगरआदिवासी समाजांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. या आजारासाठी झटणाऱ्या नागपूरच्या संपत रामटेके यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. आज गावातल्या आशाताईच्या तोंडी 'एएस' (वाहक) आणि 'एसएस' (रुग्ण) हे शब्द सहज येतात. आधी सोल्युबिलिटी ही रक्तचाचणी, मग पक्के करायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचण्या, मग कार्ड, फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सियुरिया, गरज पडली तर रक्त, असा क्रम बसला आहे. बीज जपण्याची पायरी या क्रमात कुठे दिसत नाही. कारण उघड आहे. एसएस पोर पंचविशी गाठेल की नाही हीच शंका होती तेव्हा त्याच्या लेकराबाळांचा विचार कोण करणार? आता पोरे जगतात, आयटीआय करतात, कामाला लागतात, त्यांची लग्ने होतात. उपचार पुढे गेले, यादी मात्र जुनीच राहिली.

हायड्रॉक्सियुरिया हे चांगले औषध आहे, हे आधीच स्वच्छ सांगून टाकतो. डीएनएची नवी प्रत काढायला जो कच्चा माल लागतो तो बनवणारे विकर ते अडवते. मज्जेवर हा दाब आला की लाल पेशींत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढते, पेशी विळ्यासारख्या वाकणे कमी होते आणि दुखण्याचे झटके आटोक्यात येतात. नागपुरात मुलांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेनेही झटके आणि रक्त चढवण्याची गरज घटली. चाळीस किलोच्या पोराला म्हणजे रोज ४०० मिलिग्रॅम. सर्रास मिळणारी कॅप्सूल ५०० ची असते, त्यामुळे मात्रेचा हिशेब आठवड्यावर बसवावा लागतो आणि तिथेच पुष्कळ गडबड होते. तो वेगळा विषय.

डीएनएची प्रत काढणारी पेशी जिथे असेल तिथे ही गोळी लागू पडते. मज्जेप्रमाणेच हे काम वृषणातही अखंड चालते. वयात आलेल्या पुरुषाच्या वृषणात एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, पुढे नळीतून पिकून बाहेर यायला आणखी दहा-पंधरा. मधल्या टप्प्यांत पेशींची फाळणी भराभर होत असते आणि गोळी नेमकी तिथे मारते. फ्रान्समधल्या रुग्णांवरच्या अभ्यासात सहा महिन्यांच्या गोळीनंतर शुक्राणूंची संख्या बहुतेकांत खूप घसरलेली आढळली. गोळी थांबवल्यावर अनेकांची संख्या सावरते, सगळ्यांची नाही. गोळी कधीच न घेतलेल्या एसएस पुरुषांचेही वीर्य पुष्कळदा कमकुवत निघते. म्हणजे मुळात शिल्लक थोडी, त्यात हा खर्च. दिलासा एवढाच की वयात येण्याआधी घेतलेल्या गोळीचा पुढे शुक्राणूंवर परिणाम दिसला नाही, असे २०२१ मधल्या अभ्यासाने सांगितले. आठ वर्षांच्या पोराची गोळी या भीतीने कोणी थांबवू नये. प्रश्न आहे तो मिसरूड फुटल्यानंतरच्या पोरांचा.

प्रत्यारोपणाचे गणित याहून कठोर आहे. सिकलसेल मुळापासून काढायचा तर जुनी मज्जा रिकामी करावी लागते आणि त्यासाठी पुष्कळ ठिकाणी बुसल्फान वापरतात, सोबत सायक्लोफॉस्फामाइड किंवा दुसरे एखादे औषध. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या कॅसजेव्ही या जनुकदुरुस्तीच्या उपचारातही हीच पायरी आहे: रुग्णाच्या मूलपेशी बाहेर काढून दुरुस्त करायच्या, मज्जा बुसल्फानने रिकामी करायची, दुरुस्त पेशी परत घालायच्या. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या सरकारी संशोधन संस्थेत सिकलसेलसाठी अशा उपचाराचे काम सुरू आहे, आणि ते विदर्भातल्या रुग्णांपर्यंत यावे असेच कोणालाही वाटेल. पण बुसल्फान वृषणात काय करते ते पाहा. बीजपेशींवर संशोधन करणाऱ्यांना उंदराचे वृषण रिकामे हवे असते, म्हणजे त्यात बाहेरून मूलपेशी सोडून त्या रुजतात का ते बघता येते. त्यासाठी उंदराला जे औषध टोचायची जगभर रीत आहे, ते हेच बुसल्फान. प्रयोगशाळेत वृषण निर्बीज करण्याचे साधन आणि आपल्या पोरांच्या उपचारातले औषध एकच आहे. हे आईबापाला प्रत्यारोपणाच्या संमतीपत्रातल्या बारीक अक्षरांतून समजत नाही. ते तोंडाने सांगावे लागते.

आता बीजपेशी घडते कशी. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींना मी कोण हे शेजारी सांगतात, आणि बीजपेशीइतके शेजाऱ्यांवर अवलंबून दुसरे कोणी नसेल. यातली बहुतेक माहिती उंदरावरून आली आहे. गर्भ सहा-सव्वासहा दिवसांचा असतो, नुसता एक पेशींचा पेला. त्याच्या मागच्या कडेच्या सहाएक पेशींत ब्लिंप-१ नावाचे जनुक जागे होते. त्यांना जागे करतो बीएमपी-४ हा रासायनिक संदेश. तो येतो गर्भाला खेटून असलेल्या पण गर्भात न मोडणाऱ्या थरातून. हा संदेश ऐकू यायला पेशी आधी तयार असावी लागते, ती तयारी डब्ल्यूएनटी-३ करून देतो. बीएमपी-४ चे जनुक काढून टाकले तर त्या गर्भात एकही बीजपेशी बनत नाही, हे १९९९ मध्ये दाखवले गेले. उलट, गर्भाच्या दुसऱ्या टोकाच्या पेशी उचलून त्या थराजवळ नेऊन लावल्या तर त्याही बीजपेशी होतात. जात महत्त्वाची नसते, जागा असते.

एका दिवसात या सहाच्या चाळीसएक होतात. मग त्या आतड्याच्या कडेने चालत भावी वृषणाच्या किंवा अंडाशयाच्या जागी जातात. वाटेवर एससीएफ हा संदेश मिळत राहिला तरच जगतात. वाटेतच त्यांच्या डीएनएवरच्या आईबापाच्या खुणा पुसल्या जातात, कारण पुढे शुक्राणूवर बापाच्या आणि अंडपेशीवर आईच्या खुणा नव्याने उमटवायच्या असतात. मुक्कामी पोचल्यावर घर कोणाचे आहे त्यावर पुढचे ठरते. मुलीच्या अंडाशयात अर्धगुणसूत्री विभाजन आईच्या पोटातच सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते. मुलगी जन्मते तेव्हा तिचा सगळा साठा तिच्यापाशी असतो, त्यात पुढे भर पडत नाही. मुलाच्या वृषणात हे विभाजन सुरू करणारे रेटिनोइक ॲसिड एक विकर नष्ट करत राहते, म्हणून त्याच्या बीजपेशी मूलपेशी होऊन वयात येईपर्यंत दबा धरून बसतात. दहा वर्षांच्या पोराच्या वृषणात एकही शुक्राणू नसतो, असतात फक्त या मूलपेशी. त्याचे वीर्य गोठवता येत नाही, त्याला दुसरा उपाय लागतो, तो यामुळे.

वृषणातली मूलपेशी टिकते ती शेजारच्या, बीजपेशींना पोसणाऱ्या सर्टोली पेशीने सोडलेल्या जीडीएनएफ या संदेशावर. उंदरात जीडीएनएफ कमी केला तर मूलपेशी सगळ्याच शुक्राणू व्हायला निघतात आणि काही काळाने साठा संपतो. जास्त केला तर त्या नुसत्याच साठत जातात, शुक्राणू होतच नाहीत. शेतकरी बियाणे ठेवतो किती आणि विकतो किती, तसा हा तोल आहे. बुसल्फान दिल्यावर सर्टोली पेशी बऱ्याच अंशी शाबूत राहतात, संदेश सोडत राहतात, पण तो घ्यायला मूलपेशी उरलेली नसते. सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातली अशी नळी पाहिली तर भिंतीला सर्टोली पेशींची एक रांग आणि मध्ये मोकळी जागा, एवढेच दिसते. हायड्रॉक्सियुरियात बहुधा उलट घडते: फाळणीच्या घाईत असलेल्या पेशी मरतात, संथ मूलपेशींपैकी पुष्कळ वाचतात, म्हणून गोळी थांबल्यावर गाडी परत रुळावर येण्याची आशा असते. दोन औषधांसाठी दोन वेगळे नियम का हवेत, ते यावरून ठरते.

प्रयोगशाळेत हे सगळे शेजारी नसतात, त्यांची नक्कल करावी लागते. जपानच्या क्योतो विद्यापीठात २०११ साली हायाशी, सायतू आणि सहकाऱ्यांनी ती उंदरात साधली. मूलपेशी आधी ॲक्टिव्हिन आणि एफजीएफ या संदेशांच्या द्रवात दोनएक दिवस ठेवायच्या, म्हणजे त्या बीएमपी ऐकण्याच्या स्थितीत येतात. ही खिडकी थोडा वेळच उघडी असते. अलीकडे-पलीकडे झाले की त्याच बीएमपीने भलत्याच पेशी बनतात. मग त्यांचे तरंगते गोळे करून बीएमपी-४, एससीएफ, एलआयएफ, ईजीएफ यांच्या द्रवात सोडायचे. सहा दिवसांत आदिम बीजपेशींसारख्या पेशी मिळतात. त्यांचे शुक्राणू मात्र बशीत झाले नाहीत. त्या पेशी स्वतःच्या बीजपेशी नसलेल्या उंदराच्या जिवंत वृषणात सोडाव्या लागल्या, तेव्हा कुठे शुक्राणू झाले आणि पिल्ले जन्मली. अंडपेशींचा पूर्ण प्रवास बशीत २०१६ मध्ये झाला, तोही गर्भातल्या अंडाशयाच्या खऱ्या पेशी सोबतीला देऊन. २०२३ मध्ये नर उंदराच्या पेशींपासून अंडपेशी बनवल्याची बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही गाजली. त्या प्रयोगात ६३० भ्रूण सोडले होते, पिल्ले झाली सात. मथळ्यात सात आले, ६३० नाही.

माणसाचा हिशेब उंदराच्या मागे आहे, आणि तो केवळ वेळ कमी पडल्याने नव्हे. माणसात ब्लिंप-१ च्याही आधीचा सूत्रधार म्हणून सॉक्स-१७ हे वेगळेच जनुक निघाले, २०१५ साली. उंदराची पाककृती जशीच्या तशी चालत नाही. २०१८ मध्ये क्योतोतच माणसाच्या मूलपेशींपासून अंडपेशीच्या अगदी सुरुवातीच्या पायरीपर्यंत पोचता आले, त्याला उंदराच्या गर्भातल्या अंडाशयाच्या पेशींसोबत चार महिने लागले. २०२४ मध्ये त्याच गटाने दाखवले की बीएमपी योग्य रीतीने देत राहिले तर उंदराच्या पेशींवाचूनही जुन्या खुणा पुसल्या जातात आणि पेशी अब्जावधी पटींनी वाढवता येतात. हे मोठे पाऊल आहे. पण पुढे अर्धगुणसूत्री विभाजन आहे, तिथे गाडी अडली आहे. गुणसूत्रांची जोडी नीट सुटली नाही तर गर्भपात किंवा सदोष बाळ. खुणा अर्धवट पुसल्या किंवा चुकीच्या उमटल्या तर बाळाच्या वाढीचेच विकार. उंदरात ६३० पैकी ६२३ वाया गेले तर प्रयोग यशस्वी म्हणतात. बाईच्या पोटी हे करायचे कोण म्हणेल? माणसाचे बाळ जन्माला घालता येईल असा शुक्राणू किंवा अशी अंडपेशी मूलपेशींपासून आजवर बनलेली नाही. आणि कधी बनली तरी तो उपचार आधी कोणत्या शहरात आणि कोणत्या भावात मिळेल, हे गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या माणसाला सांगायला नको.

म्हणून 'पुढे बघू' हा सल्ला फसवा आहे. यातून आणखी एक बाजार उभा राहतो. 'स्टेम सेलने शुक्राणू वाढवा' अशा जाहिराती मोबाइलवर पोचल्या आहेत. मज्जेतल्या किंवा चरबीतल्या पेशी वृषणात टोचून त्यांच्या बीजपेशी होत नाहीत. वरची संदेशांची साखळी वाचल्यावर ते वेगळे सांगायला नको. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचा सर्वमान्य उपचार म्हणजे रक्ताच्या आजारांतले मज्जा प्रत्यारोपण, बाकी सारे फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीत. पैसे घेऊन वृषणात सुई घालणारा दवाखाना त्या मर्यादेबाहेरचा आहे.

आज जे हातात आहे ते साधे आहे. वयात आलेल्या मुलाचे वीर्य गोळी सुरू होण्याआधी गोठवायचे. दोन ते सात दिवसांच्या अंतराने दोन-तीन नमुने घ्यायचे. पोराची तब्येत शांत असताना घ्यायचे, झटक्यात किंवा तापात नाही. नमुना गावाहून डबीत घालून पाठवता येत नाही. तो तासाभरात प्रयोगशाळेत लागतो, आणि मे महिन्यात चंद्रपूरच्या ४५-४६ अंशांत पिशवीतल्या डबीचे काय होईल ते सांगायला नको. म्हणून पोरालाच केंद्रावर न्यावे लागते, राहायची सोय द्यावी लागते. नमुन्यात ग्लिसरॉलचे मिश्रण थेंबाथेंबाने घालतात. एकदम ओतले तर पेशी आकसून फुटतात. मग कांड्या आधी नायट्रोजनच्या वाफेवर धरतात, नंतर द्रवात बुडवतात. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी यांची तपासणी आधीच करायची, आणि लागण असेल तर वेगळ्या कंटेनरात ठेवायचे. संख्या कमी निघाली म्हणून नमुना फेकायचा नाही. १९९२ पासून एका अंडपेशीत एकच शुक्राणू टोचून गर्भ करता येतो, तेव्हा थोडे शुक्राणूही मोलाचे. मूठभर कांड्या म्हणजे पुढची मूठभर वर्षे.

चूक होते ती गोठवण्यात कमी आणि सांभाळण्यात जास्त. नायट्रोजन रोज उडतो. पातळी मोजून नोंद करणारा माणूस रजेवर गेला, गाडी आली नाही, की कंटेनर आतून तापतो. उणे १३० च्या वर तापमान गेले की बर्फाचे बारीक स्फटिक वाढू लागतात, पेशी मरतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही. दुसरी चूक नावांची. नुसते नाव आणि वय लिहिले तर एका गावात चार मडावी आणि तीन आत्राम निघतात. कांडीवर क्रमांक, तो क्रमांक सिकलसेल कार्डावर, आणि निम्म्या कांड्या दुसऱ्या केंद्रात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एक आणि चंद्रपूरच्या महाविद्यालयात दुसरे, एवढ्यावर पूर्व विदर्भाची सुरुवात होते. नायट्रोजनची गाडी जनावरांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरतेच. माणसांसाठी ती चालू ठेवायला नवे धरण बांधायचे नाही.

वयात न आलेल्या मुलाचे प्रत्यारोपण ठरले तर वृषणाचा लहानसा तुकडा काढून गोठवता येतो. हे अजून प्रायोगिक आहे हे आईबापाला ठणकावून सांगितले पाहिजे. माकडात मात्र असा तुकडा परत त्याच प्राण्याच्या कातडीखाली लावून शुक्राणू आणि त्यांपासून पिल्लू मिळाल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सिकलसेलच्या मुलाला एक फायदा आहे. रक्ताच्या कर्करोगात तुकड्यासोबत कर्कपेशी परत जाण्याचा धोका असतो, इथे तो नाही. मुलींची वाट अधिक पक्की आहे. अंडाशयाची बाहेरची साल पातळ पट्ट्यांत गोठवतात. बेल्जियममध्ये सिकलसेलच्या एका मुलीचे असे अंडाशय चौदाव्या वर्षाच्या आत, मज्जा प्रत्यारोपणाआधी गोठवले होते. पुढे ते परत लावल्यावर तिला मूल झाल्याची नोंद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. सिकलसेलमध्ये भूल जोखमीची असते, सिकलसेलचा झटका फुप्फुसांत येऊन श्वास कोंडू शकतो. म्हणून प्रत्यारोपणासाठी मोठ्या शिरेत नळी बसवताना जी भूल द्यावीच लागते, त्याच भुलीत हे काम उरकावे आणि आधी रक्त चढवून हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आणावे.

आक्षेप येतील. पहिला तोंडावर कोणी बोलत नाही, पण मनात असतो: एसएस माणसाने मूल कशाला जन्माला घालावे? त्याचे उत्तर शाळेतल्या चौकटीत आहे. एसएस आणि एए (आजाराचे जनुक नसलेला जोडीदार) यांची सगळी मुले एएस होतात, वाहक, एकही रुग्ण नाही. एसएस आणि एएस असतील तर दर गर्भाला अर्धी शक्यता रुग्णाची. तिथे गर्भ दहा-बारा आठवड्यांचा असताना तपासता येतो. आजार पुढे जाऊ न देणे हे लग्नाआधीच्या तपासणीचे काम आहे, पोराला नकळत निर्बीज करण्याचे नाही. आणि मूल न झाल्याचे खापर गावात त्याच्यावर नव्हे, त्याच्या बायकोवर फुटते. तिची देवदेवस्की होते, सोनोग्राफ्या होतात, आणि नवऱ्याच्या खिशातल्या गोळीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात फॉलिक ॲसिडचा खडखडाट असताना नायट्रोजनच्या गोष्टी कसल्या? पण हे सर्व रुग्णांसाठी नाही. वयात आल्यावर गोळी सुरू करणारे मुलगे आणि प्रत्यारोपणाला निघालेली मुले-मुली, एवढ्यांसाठीच आहे. प्रत्यारोपणाला काही लाख खर्च होतात तेव्हा त्याआधीच्या गोठवणुकीचा खर्च त्यात बुडून जातो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत ही एक बाब घालणे आणि वर्षागणिक साठवणीचा खर्च मोहिमेने उचलणे, इतकीच मागणी आहे.

तिसरा आक्षेप डॉक्टरांचा: हे सांगितले तर पोरे गोळीच सोडतील. न सांगितल्यावर काय होते? लग्न ठरले की कोणीतरी कानात सांगते, पोरगा गुपचूप गोळी बंद करतो आणि तीन महिन्यांत झटका घेऊन कॅज्युअल्टीत येतो. कांड्या जमा असल्या तर गोळी सोडायचे कारणच उरत नाही. मूल हवे असेल तेव्हा डॉक्टरांच्या नजरेखाली निदान तीन महिने गोळी थांबवून तपासणी करता येते, नाही जमले तर कांडी आहे.

अडचण खरी कायद्याची आहे. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात सेवेसाठी पुरुषाचे वय २१ च्या वर हवे, स्त्रीचेही २१ च्या वर. दात्याचे बीज आणि भ्रूण दहा वर्षांपलीकडे साठवता येत नाहीत. हा कायदा मूल हवे असलेल्या जोडप्यांचा विचार करून लिहिला आहे. सोळा वर्षांच्या पोराचे वीर्य किंवा नऊ वर्षांच्या मुलीच्या अंडाशयाची पट्टी त्याच्या स्वतःच्या, तिच्या स्वतःच्या पुढच्या आयुष्यासाठी ठेवणे यात कुठे बसते, याचे सरळ उत्तर त्या शब्दांत सापडत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला दहा वर्षांची मुदत लावली तर ती एकोणिसाव्या वर्षी संपते. नियमांत एक स्वतंत्र कलम हवे: उपचारामुळे बीज जाण्याचा धोका असलेल्या अल्पवयीनासाठी आईबापाची संमती आणि मुलाचा होकार, रुग्ण किमान चाळिशीला पोचेपर्यंत साठवण, आणि रुग्ण दगावला तर साठा नष्ट, कोणाही नातेवाइकाला हक्क नाही. मुलगा किंवा मुलगी अठराची झाली की सही नव्याने घ्यावी. नको म्हणाली तर कांड्या काढून टाकाव्यात आणि कारण विचारू नये.